लोखंडे यांचा रविवार, आपला सोमवार

मंडळाच्या कार्यक्रमात मध्यंतर झालं, हातात चहाचा कप आला, की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "यंदा भारतात कधी?" आणि दुसरा, "काम काय म्हणतंय?" पहिल्याचं उत्तर माणसागणिक वेगळं. दुसऱ्याचं मात्र मी सिंगापूरला आल्यापासून एकच ऐकतोय, "फार स्ट्रेस आहे हो." अलीकडे त्यात थोडा बदल झाला आहे. इथेच वाढलेली आणि आता नोकरीला लागलेली आपली मुलं "स्ट्रेस" म्हणत नाहीत, सरळ "बर्नआउट" म्हणतात. त्यांचे आई-वडील ते ऐकून हसतात. "वय किती, बोलतोस किती! आम्ही काय कमी राबलो?"

दोन्ही बाजूंचं ऐकताना मला वाटायचं, की हा नुसता पिढ्यांचा वाद नाही. हे दोन शब्द एकाच गोष्टीची जुनी आणि नवी नावं नाहीत. ते निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या त्रासासाठी शोधलेले आहेत. मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट, मुळात मेकॅनिकल इंजिनिअर. डॉक्टर नाही, इतिहासकार तर नाहीच. पण गेली काही वर्षं यिशुन ते रॅफल्स प्लेस या मेट्रोच्या पाऊण तासात वाचायची सवय लागली आणि त्यातून हा विषय हाताला लागला. आश्चर्य म्हणजे शोधत शोधत मी थेट आपल्या परळला जाऊन पोचलो.

आधी स्ट्रेसचं बघू. हा शब्द आम्हा इंजिनिअर मंडळींकडून उसना नेलेला आहे. लोखंडी सळईवर भार टाकला, की तिच्या आत दर चौरस सेंटीमीटरवर जो जोर निर्माण होतो तो स्ट्रेस, आणि त्यामुळे सळई जी लांबते किंवा वाकते तो स्ट्रेन. हा शब्द माणसाला चिकटवला तो हान्स सेल्ये यांनी. जन्म १९०७ चा, व्हिएन्नाचा. संशोधन कॅनडातल्या माँट्रियलमध्ये, मॅकगिल विद्यापीठात. ते खरं तर एका नव्या हार्मोनच्या शोधात होते. उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचल्यावर त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी सुजायच्या, थायमस आकसायची, जठरात व्रण व्हायचे. हार्मोन सापडलं, असं वाटून सेल्ये खूश झाले. मग त्यांनी दुसऱ्या अवयवांचे अर्क टोचून पाहिले, तर परिणाम तोच. शेवटी फॉर्मॅलिन टोचलं, तरी तेच! दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. सेल्ये यांनी उलटा विचार केला : त्रास कोणताही असो, शरीराचं उत्तर एकच असेल तर? १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांचं छोटंसं पत्र छापून आलं आणि तिथून पुढे स्ट्रेसचं सगळं शास्त्र उभं राहिलं.

त्यांनी तीन अवस्था सांगितल्या. प्रथम धोक्याची घंटा वाजते, मग शरीर नेट लावून तोंड देतं आणि त्रास संपलाच नाही तर शेवटी थकून कोलमडतं. आमच्या दृष्टीने एक गंमत अशी, की सेल्ये यांनी शब्द चुकीचा उचलला. शरीराची जी प्रतिक्रिया ते सांगत होते ती इंजिनिअरच्या भाषेत स्ट्रेन. पुढे त्यांनी स्वतःच मान्य केलं, की तेव्हा त्यांचं इंग्रजी कच्चं होतं. (पुढच्या काळात त्यांच्या संशोधनाला तंबाखू कंपन्यांचे पैसे मिळाले, हेही सांगून ठेवतो. हृदयविकाराचा दोष सिगारेटवरून स्ट्रेसवर ढकलता आला तर तो त्या कंपन्यांना हवाच होता.)

मराठीत आपण "ताण" म्हणतो. हा शब्द मला सेल्ये यांच्या शब्दापेक्षा जास्त आवडतो, कारण तो मागावरच्या ताण्याच्या घरातला आहे. ताणा सैल असेल तर कापड विणलंच जात नाही, आणि फार ओढला तर धागा तुटतो. सेल्ये यांनाही पुढे चांगला ताण आणि वाईट ताण असे दोन भाग करावे लागले.

पण सेल्ये यांच्या आधी माणसं थकत नव्हती का? थकत होती, आणि त्यांच्यातल्या काहींसाठी भारदस्त नावही होतं. १८६९ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी 'न्यूरास्थेनिया' हा शब्द रूढ केला. अर्थ, मज्जातंतूंची शक्ती संपणे. त्यांनी सांगितलेली कारणं वाचताना हसू येतं : वाफेची शक्ती, वर्तमानपत्रं, तारायंत्र, विज्ञानाची वाढ आणि बायकांची बौद्धिक कामं. तारायंत्राच्या जागी व्हॉट्सअॅप घातलं, की आजचा कुठलाही रविवार पुरवणीतला लेख तयार.

हा आजार आपल्या भागात आला तो साहेबाच्या सामानातून. १९०५ च्या सुमारास 'ट्रॉपिकल न्यूरास्थेनिया' असं नाव प्रचारात आलं. फिलिपिन्समध्ये राहिलेला अमेरिकन लष्करी डॉक्टर चार्ल्स वुडरफ याने तर उष्ण प्रदेशातला सूर्यप्रकाशच गोऱ्या माणसाच्या मज्जातंतूंना मानवत नाही, असं पुस्तक लिहिलं. भारतात, मलायात, आफ्रिकेत साहेबाची झोप उडाली, चिडचिड वाढली, विसरभोळेपणा आला, की हे निदान व्हायचं. उपाय म्हणजे थंड हवा आणि रजा. थंड हवेची ठिकाणं तर त्याआधीच तयार होती. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८-२९ मध्ये महाबळेश्वरला माल्कम पेठ वसली. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरान शोधलं. इकडे मलायात पुढे फ्रेझर्स हिल आणि कॅमेरॉन हायलँड्स झाली. आपण मुलांना घेऊन स्ट्रॉबेरी खायला जातो ती सगळी ठिकाणं एका अर्थी साहेबाच्या बर्नआउटवरचे दवाखाने आहेत.

आणि साहेबाच्या रबराच्या मळ्यात राबणारा कुली? त्याला न्यूरास्थेनिया होत नसे. तो थकला तर आळशी ठरायचा. इथल्या विद्यापीठात मलय अभ्यास विभागाचे अनेक वर्षं प्रमुख असलेले सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७ मध्ये 'द मिथ ऑफ द लेझी नेटिव्ह' नावाचं पुस्तकच लिहिलं. मलय, फिलिपिनो आणि जावानीज माणूस आळशी, हा समज वसाहतवाल्यांनी कसा रचला आणि तो त्यांच्या कसा सोयीचा होता, हे त्यात आहे. मी राहतो त्या यिशुनचं नाव लिम नी सून या अननस आणि रबराच्या व्यापाऱ्यावरून पडलं आहे (१८७९-१९३६). 'नी सून' हा त्या नावाचा तिओच्यू उच्चार आणि 'यिशुन' हा मँडरिन. आज जिथे आमचे उंच ब्लॉक आहेत त्या भागात एके काळी मळे होते. रबराचा चीक थंड वेळी चांगला वाहतो, म्हणून पहाटे अंधारात उठून झाडाला खाच पाडायची. त्या माणसांच्या शिणाला कुठल्या वैद्यकीय पुस्तकात नाव असल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

इथूनच मी परळला पोचलो, कारण मुंबईच्या गिरणी कामगाराची गत तीच होती. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून आलेला हा माणूस उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत यंत्रासमोर उभा असे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला तो मुलांपुरता. मोठ्या माणसाच्या तासांना त्यात मर्यादाच नव्हती. दर आठवड्याला ठरलेली सुट्टी नव्हती. अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. ठाण्याचे, जन्म १८४८ चा. आधी रेल्वेत, मग पोस्टात, मग मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, आणि १८८० पासून मुंबईहून निघणाऱ्या 'दीनबंधु'चे संपादक. गिरणीत नोकरी केल्यामुळे आतला कारभार त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता.

१८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या बघा. रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पगार चालू राहावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर निर्वाहाची सोय व्हावी. मी आयुष्यात बरीच रिक्वायरमेंट डॉक्युमेंट्स वाचली आहेत. इतकं स्वच्छ क्वचितच वाचलं. यात कुठेही "आम्हाला ताण येतो" असं म्हटलेलं नाही. तो शब्दच नव्हता. पण माणूस कशाने संपतो याची त्यांना पूर्ण जाण होती. नुसते तास नव्हेत, तर वेळेवर न मिळणारा पगार, इजा झाल्यावर वाऱ्यावर सोडलं जाणं आणि विसावा कधी मिळेल याची खात्री नसणं, हे सगळं त्यांनी एका कागदावर मांडलं.

ताबडतोब काही झालं नाही. पुढची सहा वर्षं अर्ज, सभा, 'दीनबंधु'तले लेख चालूच राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणं केली. १८९० सालातली ही गोष्ट आहे. आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच दिवस मागितला, असंही सांगतात. जेजुरीला कुलदैवत असणाऱ्यांना ते पटायला जड जाणार नाही. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. १८९७ च्या फेब्रुवारीत, मुंबईत प्लेगचं थैमान चालू असताना, लोखंडे प्लेगनेच गेले. वय पन्नासही नव्हतं. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. आपल्यातल्या किती जणांनी ते पाहिलं असेल, शंका आहे.

सुट्टी मिळाली तरी तास राहिलेच. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचीही अडचण उरली नाही. चौदा-पंधरा तास काम होऊ लागलं. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. सहा दिवसांचे झाले बहात्तर. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा आमच्या ऑफिसमध्ये आठवडाभर चर्चा चालली होती. मला हा बहात्तरचा आकडा तेव्हा माहीत असता तर बोलायला बरं झालं असतं.

आता बर्नआउट. हा शब्द वेगळ्याच वाटेने आला. कुष्ठरोगाच्या डॉक्टरांच्या बोलीत 'बर्न्ट-आउट केस' म्हणजे असा रुग्ण, ज्याचा रोग पूर्ण थांबला आहे, पण बोटं वगैरे जे जायचं ते आधीच गेलं आहे. ग्रॅहम ग्रीन हे इंग्रज कादंबरीकार १९५९ मध्ये बेल्जियन काँगोतल्या एका कुष्ठरुग्णालयात जाऊन राहिले आणि त्यांनी याच नावाची कादंबरी लिहिली. नायक एक जगप्रसिद्ध वास्तुशास्त्रज्ञ. त्याला आता कशातच काही वाटत नाही. ना कामात, ना कीर्तीत, ना माणसांत.

पुढे १९७४ मध्ये न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी हा शब्द शास्त्रात आणला. नाझींच्या जर्मनीतून लहानपणी सुटून आलेला हा माणूस दिवसभर स्वतःचे रुग्ण तपासायचा आणि संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत व्यसनाधीन तरुणांच्या मोफत दवाखान्यात राबायचा. कुटुंबाबरोबर सुट्टीवर निघायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठताच आलं नाही. आपल्याला काय झालंय हे समजून घ्यायला ते टेपरेकॉर्डरवर स्वतःशीच बोलले आणि मग ते ऐकलं. त्यांचा निष्कर्ष असा, की सर्वांत आधी जळतात ती कामाला वाहून घेतलेली माणसं. कॅलिफोर्नियात ख्रिस्टिना मॅस्लॅक यांनी त्याच दशकात नर्स, समाजसेवक, वकील यांच्याशी बोलून तीन खुणा नक्की केल्या आणि १९८१ मध्ये सुझन जॅक्सन यांच्यासोबत त्या मोजण्याची प्रश्नावली केली. पूर्ण गळून जाणं. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याबद्दलच कोरडेपणा, कडवटपणा येणं. आणि आपण करतो त्याला काही अर्थ नाही असं वाटणं.

फरक आहे तो इथे. ताणातला माणूस धावत असतो. त्याला वाटतं, एवढं गो-लाइव्ह पार पडलं की सगळं ठीक होईल, आणि बहुतेक वेळा होतंही. भार काढला, की सळई मूळ आकाराला येते. बर्नआउट झालेला धावत नाही. रेल्वेच्या आसांबाबत एकोणिसाव्या शतकात हाच धडा मिळाला होता : एरवी सहज पेलेल असा भार लाखो वेळा पडत राहिला, तर आतल्या आत चीर जाते आणि एक दिवस आस मोडतो. १८४२ मध्ये व्हर्सायजवळ असाच आस मोडून भीषण अपघात झाला. त्या आसाला मध्ये पंधरा दिवस विश्रांती दिली असती तरी चीर काही बुजली नसती.

माझ्याबरोबर एक सहकारी होता. त्याचं नाव आणि कंपनी दोन्ही राहू द्या. अतिशय हुशार. टेस्टिंगवाल्या पोरांना रात्री अकरालाही समजावून सांगणारा. दोन वर्षांनी तोच माणूस मीटिंगमध्ये क्लायंटबद्दल असं काही बोलायला लागला, की आम्ही एकमेकांकडे बघायचो. चिडून नव्हे, अगदी थंडपणे. साहेबांनी चांगुलपणाने तीन आठवडे सुट्टी दिली. तो गावी गेला, परत आला, आणि पहिल्याच सोमवारी दुपारी मला म्हणाला, "सुट्टी छान झाली. पण मला इथे यायचंच नव्हतं." त्याच्या कामाचे तास आमच्यापेक्षा जास्त नव्हते. त्याने ठरवलेलं डिझाइन दर वेळी वरून बदललं जायचं, आणि बिघडल्यावर उत्तर त्याला द्यावं लागायचं. पुढे तो दुसऱ्या ठिकाणी गेला, तिथेही काम तेवढंच करतो आणि बरा आहे. मॅस्लॅक यांनी मायकेल लायटर यांच्याबरोबर १९९७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात कामाच्या बोज्याबरोबर आणखी पाच कारणं दिली आहेत : हातात अधिकार नसणं, कामाचं चीज न होणं, सोबतीची माणसं तुटणं, अन्याय आणि मूल्यांचा झगडा. ती वाचल्यावर मला आधी तो आठवला आणि मग लोखंडे यांचं निवेदन.

ग्रीनच्या कादंबरीवरून आनंदवन आठवलं नाही, असा मराठी माणूस विरळा. काँगोच्या त्या रुग्णालयात ज्यांना 'जळून गेलेले' म्हणत, तशाच माणसांना घेऊन बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ खडकाळ माळावर काम सुरू केलं. बोटं गेलेल्या हातांनी विहिरी खणल्या, शेती पिकवली, पुढे गावच्या मुलांसाठी महाविद्यालय उभं केलं. काबाडकष्टच ते, आणि तास मोजून केलेले नव्हेत. तरीही त्याने माणसं उभी राहिली. कष्टांनी माणूस जळतोच असं नाही. ते कोणाचे आहेत, कशासाठी आहेत यावर बरंच अवलंबून असतं. अर्थात हे वाक्य एखाद्या एचआरवाल्याच्या हाती पडू नये. तो लगेच भिंतीवर लावील आणि शनिवारी बोलावील.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या यादीत बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था, असं त्याचं वर्णन आहे. नैराश्य वेगळं, ते आधी तपासून बाजूला करा, असंही तिथे सांगितलं आहे. हे महत्त्वाचं आहे. झोप, भूक, जगण्याची इच्छा यांवर गोष्ट आली, तर शब्दांचा काथ्याकूट सोडून डॉक्टर गाठावा.

२०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात एका सव्वीस वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळीकडे पसरलं. मृत्यूला काम किती कारणीभूत, यावर वाद झाला, सरकारने चौकशी जाहीर केली. ते पत्र आमच्या घरात मोठ्याने वाचलं गेलं. माझी भाची पुण्यातच, हिंजवडीत नोकरी करते. त्या रात्री माझ्या बहिणीने तिला तीनदा फोन केला. पोरगी मीटिंगमध्ये होती, फोन उचलला गेला नाही.

सिंगापुरात कायद्याने तास ठरले ते १९६८ च्या एम्प्लॉयमेंट अॅक्टने, आठवड्याला ४४. पण त्या कलमातून मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्ह वगळलेले आहेत, म्हणजे मंडळातले निम्मेअधिक आपण. सरकारी नोकरांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो २००४ मध्ये. घरकाम करणाऱ्या परदेशी बायकांना आठवड्याच्या सुट्टीचा कायदेशीर हक्क मिळायला मात्र २०१३ चा जानेवारी उजाडला. तोही असा, की दोघांच्या संमतीने सुट्टीऐवजी पैसे देता येत. महिन्यातली निदान एक सुट्टी तरी पैशांत बदलता येणार नाही, हा नियम आला १ जानेवारी २०२३ पासून. परळच्या सभेनंतर १३८ वर्षांनी.

या कायद्याच्या वेळी आपल्या ओळखीच्या घरांतून जे बोलणं झालं ते मला चांगलं आठवतं. "सुट्टी घेऊन जाणार कुठे?" "वाईट संगत लागेल." "रविवारीच तर पाहुणे येतात." सभ्य, शिकलेली, ऑफिसातल्या ताणाबद्दल भरभरून बोलणारी माणसं होती ती. आजही रविवारी सकाळी नऊच्या सुमारास यिशुन स्टेशनवर गेलात, तर फलाटावर छान कपडे केलेल्या, हातात डबे घेतलेल्या बायका दिसतील. फिलिपिनो बऱ्याचशा ऑर्चर्डच्या लकी प्लाझाकडे निघालेल्या असतात, इंडोनेशियन पाया लेबारच्या बाजूला. आमच्या मजल्यावरच्या एका घरातली मात्र मला तिथे कधी दिसली नाही. ती रविवारी नऊ वाजता गॅलरीत कपडे वाळत घालत असते.